कृष्णाकाठचा वळू आणि अमेरिकेतील पैदासकारांचा संघ



या पानांवर आपण ऊस, खत, पाणी आणि खोडवा यांचा विचार नेहमीच करतो. या खेपेस गोठ्याकडे वळायचे ठरवले आहे. आपल्या कार्यक्षेत्रात ऊस आणि जनावर यांची फारकत कधीच नव्हती. वाढे गाईला जाते, शेण सरीला जाते, आणि ट्रॅक्टर कितीही वाढले तरी टायरगाडीचे बैल गव्हाणीपर्यंत अजून ऊस ओढून आणतात. पण बैलाची जात, गाईची वंशावळ, कोणती गाय कोणत्या वळूला दाखवली, याची चौकशी केली तर दहापैकी नऊ गोठ्यांत उत्तर मिळते, "डॉक्टर आले होते, भरवून गेले." कशाने भरवली ते डॉक्टरांना ठाऊक आणि देवाला.

म्हणून आज एक लांबची हकीकत सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी आपल्या देशातील जनावरे नेली, त्यांचा संकर केला, संघ काढला, वह्या घातल्या आणि त्यातून नव्या जाती उभ्या केल्या. त्या आपल्या जनावरांत कृष्णाकाठचेही थोडे रक्त होते. ती पैदास मांसासाठी होती हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडे गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे. १९७६च्या कायद्याने गाईला संरक्षण मिळाले आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल व वळूंनाही. आपली रीत वेगळी आणि तिचा मान ठेवूनच हे लिहिले आहे. आपल्याला घ्यायचे आहे ते पैदाशीचे शास्त्र आणि संघटनेची पद्धत. ते शास्त्र दुधाला, औताला आणि गाडीला सारखेच लागू पडते.

अमेरिकेतील ब्राह्मन जनावरांच्या इतिहासात एक नोंद आहे, ती ऊस उत्पादकांना गंमतीची वाटेल. लुईझियाना राज्यात सेंट फ्रान्सिसव्हिल येथे रिचर्ड बॅरो नावाचे ऊस व कापसाचे बागायतदार होते. त्यांनी एका ब्रिटिश प्रतिनिधीला ऊस आणि कापूस लावायला शिकवले, कारण तो प्रतिनिधी पुढे हिंदुस्थानात ही पिके वाढवणार होता. त्या उपकाराची फेड म्हणून १८५४ साली ब्रिटिश सरकारने बॅरो यांना दोन भारतीय वळू भेट दिले. उसापासून साखर करण्याची विद्या ज्या देशातून जगात गेली, त्या देशासाठी ऊस शिकायला माणूस लुईझियानात जावा, ही साहेबाची तऱ्हा! असो. वळू गेले हे खरे, आणि त्यांची संकरित वासरे उष्ण दमट हवेत तगतात हे तिथल्या लोकांच्या लक्षात आले.

तिथली अडचण समजून घेतली पाहिजे. टेक्सास आणि लुईझियानाचा समुद्रकाठ म्हणजे ऊन, दमट हवा, डास, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोचीड. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड, अँगस या इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या जाती थंड हवेतल्या. अंगावर दाट केस, घाम कमी, उन्हात चरायचे सोडून सावलीला धापा टाकत उभ्या राहायच्या. त्यातच 'टेक्सास ताप' या रोगाने कळपच्या कळप बसायचे. हा रोग गोचिडीमार्फत पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १८९३ साली सिद्ध केले. आपल्या वशिंडाच्या जनावरांची कातडी सैल, केस आखूड व गुळगुळीत, पोळी लोंबती. ऊन सोसते, गोचीड कमी धरते, निकृष्ट चाऱ्यावरही टिकते. तेव्हा जिथे विलायती जनावर हरते तिथे हे टिकेल, असा साधा हिशेब होता.

मग आयात सुरू झाली. १८८५ साली ह्यूस्टनच्या दोघा पैदासकारांनी दोन वळू थेट भारतातून नेले. १९०६ साली टेक्सासच्या पिअर्स रँचवर तीस वळू आणि तीन माद्या पोहोचल्या. १९२४च्या सुमारास ब्राझीलमधून मेक्सिकोमार्गे आणखी वळू आले. ते मूळ आपलेच, फक्त एक मुक्काम करून आलेले. सगळी आयात मिळून तीनशेसुद्धा जनावरे भरत नाहीत, आणि त्यातही बहुतेक वळूच. जाती चार: आपण ज्याला कांकरेज म्हणतो आणि ते 'गुझेरात' म्हणतात तो, ओंगोल म्हणजे त्यांचा 'नेलोर', गीर, आणि थोड्या प्रमाणात आपली कृष्णा खोरी.

आता कोणीही विचारील, माद्या नसताना जात कशी उभी केली? इथेच पैदाशीचे गणित येते. आपल्या जुन्या आणेवारीत ते चटकन समजते. विलायती गाईला भारतीय वळू दिला, वासरात रुपयातले आठ आणे रक्त वळूचे. ती कालवड मोठी झाल्यावर तिला पुन्हा दुसरा भारतीय वळू दिला, बारा आणे. पुढची पिढी चौदा आणे, त्यापुढची पंधरा आणे, आणि पाचव्या पिढीला साडेपंधरा आणे. उरलेला अर्धा आणा कुठला हे बघून सांगता येत नाही. अशा रीतीने एकाच कुळाचे वळू पिढ्यान् पिढ्या देत राहून जात वर चढवतात. पण याला एक अट आहे. कोणती कालवड कितव्या पिढीची आणि कोणत्या वळूची, हे लिहून ठेवले पाहिजे. नाहीतर चौथ्या पिढीला बापच लेकीवर येतो. तशा जोडातून जे वासरू होईल त्यात सगोत्र रक्ताचे प्रमाण पंचवीस टक्के असते, आणि खुरटी वाढ, गाभ न राहणे, जन्मजात व्यंग अशा गोष्टी वर यायला लागतात.

म्हणून १९२४ साली या पैदासकारांनी संघ काढला आणि वंशावळीची नोंदवही सुरू केली. ह्यूस्टनचे जे. डब्ल्यू. सार्टवेल हे संघाचे पहिले नोंदणी चिटणीस. 'ब्राह्मन' हे नाव त्यांनीच सुचवले. आपल्याकडे या नावाचे जनावर नाही, हे तिकडच्या सभेत ठरलेले नाव. संघाने चांगले जनावर कोणते याचे गुण लिहून काढले आणि नोंद त्याच कसोटीवर सुरू केली. पुढे १९३२ साली ह्यूस्टनला जनावरांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले, त्याचे पहिले अध्यक्षही सार्टवेलच. म्हणजे नोंद, निवड आणि बाजार ही तिन्ही कामे त्या लोकांनी स्वतःच्या हातात ठेवली. सहकाराचे धडे गिरवलेल्या आपल्या भागाला यात नवल वाटायला नको. ऊस घालणाऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना काढावा, तसे गाई पाळणाऱ्यांनी वही काढली.

शुद्ध ब्राह्मनवर मात्र ते थांबले नाहीत. त्याचे मांस विलायती जनावराइतके मऊ नाही, कालवडी उशिरा माजावर येतात, अशा तक्रारी होत्या. विलायती जनावराचे गुण आणि आपल्या जनावराचा काटकपणा एकत्र करायचा प्रयत्न मग वेगवेगळ्या ठिकाणी झाला. टेक्सासच्या किंग रँचने दहा आणे शॉर्टहॉर्न आणि सहा आणे ब्राह्मन असे प्रमाण धरले. १९२० साली जन्मलेला 'मंकी' नावाचा एक वळू त्या सगळ्या कळपाचा मूळपुरुष ठरला, आणि १९४० साली 'सांता गर्ट्रुडिस' ही नवी जात म्हणून सरकारमान्य झाली. अँगस आणि ब्राह्मन यांच्यापासून 'ब्रँगस' झाली, तीही दहा आणे-सहा आणेच. तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी काही १९३२च्या सुमारास लुईझियानात जीनरेट येथील सरकारी केंद्रावर झाले. या गावाला तिकडे 'साखरनगरी' म्हणतात. ऊस आणि गाय तिथेही शेजारीच. ब्रँगसच्या पैदासकारांनी आपला वेगळा संघ १९४९ साली काढला.

तिसरी जात 'बीफमास्टर', टॉम लासाटर यांनी उभी केलेली. आम्हाला ही जास्त पटते. या माणसाने रंगाकडे, शिंगाकडे, चेहऱ्याच्या ठेवणीकडे पाहायचेच नाही असे ठरवले. सहाच गोष्टी पाहायच्या: स्वभाव, गाभ राहण्याची क्षमता, वजन, बांधा, काटकपणा आणि दूध. गाय वर्षाला वासरू देत नसेल तर ती कितीही देखणी असो, कळपातून बाहेर. जत्रेत गेल्यावर आपण काय पाहतो? शिंगाची कमान, रंग, वशिंड, चाल. गाईने किती वेतात किती वासरे दिली हे विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो.

आता संकरातली खरी मेख. ऊस उत्पादकाला ती उसावरूनच सांगता येईल. आपण लावतो तो कोणताही ऊस संकरितच आहे. कोइमतूरला १९१२ साली जाड गोड ऊस आणि रानटी काशाची जात यांचा संकर झाला, त्यातून 'को २०५' हे वाण निघाले आणि तिथून पुढची सगळी वाट सुरू झाली. आज आपल्या शेतात दिसणारा 'को ८६०३२' म्हणजे 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' यांचे लेकरू. पण उसाची एक सोय आहे. तो कांडीवरच्या डोळ्यातून उगवतो. एकदा चांगला संकर साधला की त्याचा डोळा लावला म्हणजे तोच ऊस पुन्हा, जसाच्या तसा. बेणे जुने झाले, रोग शिरला, तर वाण उतरते, पण रक्त बदलत नाही.

जनावर डोळ्यातून उगवत नाही. प्रत्येक वासरू म्हणजे नवा डाव. दोन वेगळ्या जातींचे पहिले वासरू आईबापांच्या सरासरीपेक्षा जोमदार निघते, याला संकरजोम म्हणतात. पण त्याच पहिल्या पिढीतले खोंड-कालवड एकमेकांना दिले तर पुढच्या पिढीत हा जोम निम्म्यावर येतो. पुन्हा एकाच जातीचा वळू देत राहिले तर दर पिढीला निम्मा-निम्मा होत जातो. दोन जातींचे वळू आलटून पालटून दिले तर सुमारे ६७ टक्के जोम टिकतो, तीन जातींच्या फेऱ्यात सुमारे ८६ टक्के. दहा आणे-सहा आणे प्रमाणाची स्थिर जात केली तर सुमारे ४७ टक्के टिकतो, पण वळू एकाच प्रकारचा लागतो आणि लहान शेतकऱ्याला ते सोपे जाते. अमेरिकेतल्या लोकांनी स्थिर जाती केल्या त्यामागे हे कारण आहे. नेब्रास्का राज्यातील सरकारी संशोधन केंद्रात विलायती जातींच्या आपसातील संकरांवर अनेक वर्षे प्रयोग झाले. आई आणि वासरू दोन्ही संकरित असतील तर वळूला दाखवलेल्या प्रत्येक गाईमागे, दूध तोडतानाचे वासरांचे वजन सुमारे २३ टक्क्यांनी वाढते असे त्यात दिसले. त्यातला अर्ध्याहून अधिक फायदा संकरित आईचा. वशिंडाचे आणि बिनवशिंडाचे रक्त एकत्र आले की जोम याहूनही जास्त.

आपल्या दुधाच्या संकराचे हेच झाले आहे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला 'बायफ' संस्था काढली आणि संकरित कालवड शेतकऱ्याच्या दारात आली. गावठी गाईची पहिली एचएफ संकर कालवड दुधाला उत्तम निघाली. शेतकरी खूश झाला आणि पुढच्या वेतालाही एचएफ, त्यापुढच्यालाही एचएफ. बारा आणे, चौदा आणे. मग एप्रिल-मे आला की गाय धापा टाकते, गोचीड तापाने बसते, चार-चार वेळा भरवूनही उलटते. टेक्सासला शंभर वर्षांपूर्वी जी अडचण होती ती आपण आपल्या गोठ्यात पैसे मोजून आणली. पैदास धोरणात विलायती रक्त साधारण पन्नास ते साडेबासष्ट टक्के, म्हणजे आठ ते दहा आणे ठेवावे असे सांगितले आहे ते उगाच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' केली ती याच विचाराने: आठ आणे एचएफ, चार आणे जर्सी, चार आणे गीर. गाईत गीरचे चार आणे का ठेवले, याचे उत्तर मे महिन्यात मिळते.

प्रदर्शन आणि जाहिरात यांचाही एक धोका आहे. १९४० आणि १९५०च्या दशकांत अमेरिकेत आखूड पायाचे, ठेंगणे, गोटीबंद हेरफर्ड जनावर प्रदर्शनात पहिले यायचे. परीक्षकांना तेच आवडायचे, म्हणून सगळे तसेच वळू वापरू लागले. त्या ठेंगणेपणामागे काही कुळांत एक छुपा दोष होता. आई आणि बाप दोघांत तो असला की वासरू बुटके, धापा टाकणारे जन्मायचे आणि फार दिवस जगायचे नाही. बक्षीसपात्र वळूंमार्फत हा दोष दूरदूर पसरला. नामवंत कळपांच्या मालकांना ते कबूल करणे जड गेले. शेवटी वंशावळीच्या वह्या उघडून कोणत्या कुळातून दोष आला ते शोधावे लागले, आणि मोठमोठी कुळे बाजारातून उठली. वह्या होत्या म्हणून शोधता तरी आले. त्यानंतर त्या लोकांनी डोळ्यापेक्षा काट्यावर अधिक भरवसा ठेवायला सुरुवात केली. वासराचे जन्मवजन घ्यायचे, दूध तोडताना वजन घ्यायचे, आणि सगळी वासरे २०५ दिवसांच्या वयाला आणून तोलायची. जन्मवेळी ३२ किलोचे वासरू २०० दिवसांनी २३२ किलो भरले तर रोजची वाढ एक किलो, म्हणजे २०५ दिवसांचे वजन २३७. शेजारच्या वासराचेही याच रीतीने काढायचे आणि मग बोलायचे. उसाच्या काट्यावरून आपले सभासद किती काटेकोर असतात ते आम्ही रोज पाहतो. तो काटेकोरपणा गोठ्यात आला तर सोन्याहून पिवळे.

आपल्याकडे ही गोष्ट शर्यतीच्या खोंडाच्या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून खिलार खोंडाला भाव आहे, आणि खिलार गाय सांभाळणाऱ्याला चार पैसे दिसू लागले ही चांगलीच गोष्ट. पण शर्यत गाजवलेल्या एकाच वळूच्या मागे सगळा तालुका लागला तर पाच-सात वर्षांत पंचक्रोशीतल्या कालवडी एकाच बापाच्या होतील. आटपाडी, म्हसवडकडच्या मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी खिलार राखली ती असंख्य गोठ्यांतून, वेगवेगळ्या वळूंवर. खरसुंडीच्या बाजारात आजही ती विविधता दिसते. ती घालवली तर परत आणायला ब्राझील कामाला येणार नाही. खिलार तिकडे गेलेली नाही.

ओंगोलची तेवढी सोय आहे. आंध्रातल्या नेल्लोर-ओंगोल भागातून गेलेल्या या जनावरांनी ब्राझीलचे कुरण व्यापले. तिथल्या मांसाच्या जनावरांत सुमारे ऐंशी टक्के नेलोर किंवा त्याच्या संकराची आहेत असे सांगतात. उबेराबा या गावी वशिंडाच्या जनावरांच्या पैदासकारांचा संघ आहे, त्याची मुळे १९१९ सालच्या नोंदवहीत आहेत, आणि दर वर्षी तिथे मोठे प्रदर्शन भरते. २०२३ साली 'व्हियाटिना-१९' नावाच्या एका नेलोर गाईच्या एक तृतीयांश मालकीचा लिलाव झाला, त्या हिशेबाने अख्ख्या गाईची किंमत चाळीस लाख डॉलरच्या वर गेली. गाईचे भाग विकले जातात! आमच्या भागधारकांना ही कल्पना लगेच समजेल. तो भाव एकट्या त्या गाईला नव्हता. तिच्यामागे किती पिढ्यांची नोंद आहे, तोही त्यात धरला होता.

कृष्णा खोरीचे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली आणि दक्षिण मराठा मुलखातील इतर संस्थानांच्या राजांनी ही जात घडवली. नदीकाठची काळी, चिकट, पावसात पायाला चिकटून राहणारी जमीन साध्या बैलाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडच्या चपळ जनावरांचे रक्त एकत्र आणून थोराड, शांत, दमदार औताचा बैल तयार केला. संकरातून जात कशी घडवायची हे किंग रँचच्या आधी आपल्या नदीकाठी झालेले आहे. पुढे संस्थाने गेली, नांगरटीला ट्रॅक्टर आला, आणि ही पैदास पुढे चालवणारी भक्कम संघटना उभी राहिली नाही. आज कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठी, मुख्यतः कर्नाटकातील विजापूर, बागलकोट, बेळगाव या भागांत थोडीच जनावरे शिल्लक आहेत. टेक्सासने तिचे थोडेच रक्त नेले, पण ते वहीत आहे.

आपल्या गोठ्यातही वहीचे पहिले पान आता आयते आले आहे. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. पुष्कळांना तो फक्त लसीकरणाचा आणि विम्याचा वाटतो. कृत्रिम रेतन करताना जी कांडी वापरतात तिच्यावरही वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. ती कांडी उकिरड्यावर न टाकता क्रमांक उतरून घ्यावा. एका दोनशे पानी वहीत गाईचा बिल्ला क्रमांक, माजाची तारीख, वळूचा क्रमांक, व्याल्याची तारीख, वासराचे लिंग आणि जन्मवजन एवढ्या सहा गोष्टी लिहिल्या तरी पुरे. वजनाला ऊसकाट्याची गरज नाही, वासराच्या छातीचा घेर फितीने मोजूनही अंदाज येतो. पुढच्या वेळी डॉक्टर आले की वही पुढे करावी आणि विचारावे, "हा वळू हिच्या बापाचा क्रमांक तर नाही ना? आणि एचएफ देऊन हिची वासरे किती आणे होतील?" गाय दहा आण्यांवर गेली असेल तर पुढची कांडी दहा आण्यांच्या आतल्या संकरित वळूची किंवा गीरची मागावी. शुद्ध खिलार किंवा कृष्णा खोरी गाय असेल तर तिला तिच्याच जातीचा, पण दुसऱ्या कुळातला वळू शोधावा. कृष्णा खोरीची गाय ज्यांच्या दावणीला आज आहे त्यांनी गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे बिल्ला क्रमांकासह कळवावे. त्या गाई आपल्या कार्यक्षेत्रात किती आणि कोणत्या गावांत आहेत, याची यादी याच पानावर छापू.